तीन हजारांत माणसं किती

बदरुद्दीन होडेकरांना कुणाचंही नाव सांगा, ते आधी विचारतात, "कुनाचा?" म्हणजे बापाचं नाव काय, मोहल्ला कोणता आणि इथे कुवेतमध्ये तुला ओळखणारे दोघे कोण. एवढं कळेपर्यंत त्यांच्या लेखी समोरचा माणूस नसतो, नुसता आवाज असतो. यात आढ्यता नाही. बाणकोट खाडीच्या काठी त्यांचं गाव आहे, त्या गावाची कुवेतमध्ये जमात, म्हणजे गावकऱ्यांची संघटना, आहे, आणि जमातीची वही एकोणीस वर्षं त्यांच्या ताब्यात आहे. वहीत नाव चढायचं तर दोन जुन्या माणसांनी समोर बसून "होय, हा आपला" असं म्हणावं लागतं. फोनवरून चालत नाही. शुऐबा वसाहतीतल्या कारखान्यात कुणी भाजला, कुणाचा मालक पासपोर्ट दाबून बसला, कुणी खोलीत झोपला तो उठलाच नाही, की ती वही उघडतात आणि गावात कुणाच्या दारी निरोप द्यायचा ते बघतात. होडेकरांच्या आधी वही सांभाळणाऱ्याने एकदा नावात घोळ केला होता. जिवंत माणसाच्या घरी दोन दिवस रडारड झाली. तेव्हापासून दोन साक्षीदार.

होडेकर ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास आले, पंचविशीत, मराठी शाळेतली दहावी आणि भावाने दिलेली एक बॅग घेऊन. शुवैखच्या एका गोदामात हमाल म्हणून लागले आणि त्याच गोदामात स्टोअरकीपर झाले. गोदाम आधी टायरचं होतं, मग फ्रिजचं, मग पाण्याच्या टाक्यांचं. म्हातारा कुवेती मालक वारला, मुलांना गोदाम चालवण्याचा कंटाळा होता, त्यांनी ते चिनी कंपनीला दिलं. रॅक, फोर्कलिफ्ट आणि होडेकर, सगळं एकाच करारात.

कंपनीचं नाव मी देणार नाही. भीती म्हणून नव्हे. नाव घेण्याइतकी ती वेगळी नाही. हांगचौमधल्या तीन पोरांनी एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये सुरू केली आणि तिसऱ्या वर्षी ती शंभर कोटी डॉलरची झाली. झाली म्हणजे तेवढे तिने कमावले असं नाही. कमावणं तिला आजपर्यंत जमलेलं नाही. कुणीतरी तिचा शंभरावा हिस्सा एक कोटीला घेतला, म्हणून अख्खी कंपनी शंभर कोटींची. आमच्या गल्लीतल्या टपरीवाल्याला एखाद्या भोळ्या पाहुण्याने एका चहाचे हजार रुपये दिले, तर याच गणिताने तो संध्याकाळपर्यंत करोडपती होईल. टपरीवाल्याला हे गणित कुणी करू देत नाही. कंपनीला करू देतात, वर तिचं कौतुक करतात, आणि अशा कंपनीला युनिकॉर्न म्हणतात. नाव ठेवणारा प्रामाणिक होता. तो प्राणी अस्तित्वात नाही हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

शंभरची तीनशे कोटी झाली ती चीनबाहेर पडल्यावर. तिकडे अशा कंपन्यांची इतकी गर्दी झाली होती की एकाच गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या दोघीजणी ओढत होत्या. म्हणून ही आखातात आली. मोबाइलची कव्हरं, बटाटे सोलायची यंत्रं, पहिल्या धुण्यात रंग सोडणारे टी-शर्ट, सगळं थेट चीनहून नऊ दिवसांत घरपोच, आणि तेही आणण्याच्या खर्चापेक्षा स्वस्त. प्रत्येक पार्सलमागे तोटा. जितकी पार्सलं जास्त तितका तोटा जास्त, आणि जितका तोटा जास्त तितकी त्यांच्या भाषेत वाढ जास्त. या वाढीचं एक मोजमाप होतं: महिन्याला किती माणसं अ‍ॅप उघडतात. दर माणशी एक किंमत धरलेली होती. माणसं गुणिले ती किंमत, झालं कंपनीचं मोल. मी कंपनीच्या कुवेतच्या ऑफिसात डेटाचं काम करतो, म्हणून हे गणित मला रोज दिसतं. यात अंतराळविज्ञान काही नाही. पाचवीतला गुणाकार आहे, फक्त गुण्य खोटं.

कुवेतची वाढ शैलेश बघायचा. हा पुण्याचा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. हुद्दा ग्रोथ लीड. दाढी कोरलेली, बूट पांढरे, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून मागे कुणी अधिक महत्त्वाचं येतंय का ते बघायची सवय. ऑफिसचे प्रमुख ल्यूसाहेब फाइलींच्या खोलीत घडीच्या खाटेवर झोपत आणि सकाळी तिथूनच मीटिंगला येत. ते बघून शैलेशनेही खाट आणवली. ती त्याने वापरली एकदाच, फोटोपुरती.

गोदामात बारकोडची यंत्रं आली आणि स्टोअरकीपर हे पदच उरलं नाही. होडेकरांचा अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, वीस डिसेंबरला संपत होता. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी दुसरा मालक मिळणं कठीण. पण त्यांची खरी अडचण वेगळी होती. धाकटी मुलगी सना बारावीला होती, अबू हलीफाहून दहा मिनिटांवरच्या भारतीय शाळेत. बापाचा अकामा गेला की बायकोचा आणि मुलीचाही जातो. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. दोन महिने आधी शाळा सोडून गावी गेली, तर तिथे बारावीला कोण बसू देणार? वर्ष जाणार. सनाला फार्मसीला जायचं होतं, तिने टेबलावर मार्चपर्यंतचे दिवस लिहून चिकटवले होते. एक वर्षाचा अकामा, एवढंच त्या घराला हवं होतं. त्याहून काही नको होतं.

जुलैत शैलेशने त्यांना बोलावलं. तुमची कोकणी कम्युनिटी मोठी आहे, चारशे माणसं अ‍ॅपवर आणा, आठवड्यातून तीनदा उघडणारी, मी तुमचा अकामा करून देतो. होडेकरांनी विचारलं, लिहून देणार का. शैलेश हसला आणि म्हणाला की अंकल, इथे सगळं विश्वासावर चालतं. होडेकर माघारी आले ते बायकोला एवढंच म्हणाले की लिहायला हात असून जो लिहीत नाही तोच इस्वासाच्या गोष्टी करतो.

तरी त्यांनी काम घेतलं, आणि ते त्यांना येत होतं त्या एकाच पद्धतीने केलं. अबू हलीफाच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारच्या नमाजानंतर जमातीची माणसं येतातच. चटईवर वही, वहीशेजारी फोन. एकेक माणूस पुढे येणार, नाव, बापाचं नाव, मोहल्ला, मग अ‍ॅप. ज्याचं नाव वहीत नव्हतं त्याचे आधी दोन साक्षीदार झाले, मगच त्याला बटाटे सोलायचं यंत्र बघायला मिळालं. सप्टेंबर संपेपर्यंत चारशे सदतीस. एसी दुरुस्त करणारे, टँकरचे ड्रायव्हर, हॉस्पिटलातले वॉर्डबॉय, एक ओवैस नावाचा लिफ्टचा मेकॅनिक ज्याने पहिल्याच दिवशी बारा पानं भरून मासेमारीचे गळ मागवले. आठवड्यातून तीनदा अ‍ॅप उघडायचं म्हणजे उघडायचं. सोमवारी, बुधवारी आणि जुम्म्याला. चाचांनी सांगितलंय.

पत्ता सगळ्यांनी एकच टाकला: अबू हलीफा, होडेकरांचा फ्लॅट. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. ही माणसं एका खोलीत सात-आठ राहतात, खोली सहा महिन्यांत बदलते, इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, त्यांचं पार्सल घेत नाही, घेतलं तर देत नाही. वीस वर्षं गावची पत्रं, बँकेची कार्डं, नव्या नोकरीचे कागद, सगळं होडेकरांच्याच दारी येतं आणि जुम्म्याला वाटलं जातं.

ऑक्टोबरच्या एका सकाळी सगळी चारशे सदतीस खाती बंद पडली. एका पत्त्यावर वीसपेक्षा जास्त खाती असतील तर ती एकाच भामट्याची टोळी समजून कुलूप लावायचं, असा नियम आदल्या रात्रीपासून आमच्या यंत्रणेत लागू झाला होता. नियम मीच लिहिला होता. लिहिताना मला तो फार हुशारीचा वाटला होता.

प्रत्येकाच्या फोनवर अरबीत आणि इंग्रजीत एकच सूचना आली: तुमचं खातं संशयित म्हणून नोंदवलं आहे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी अरबी अक्षरं बघितली आणि त्यांना वाटलं पोलिसांकडून आली. दोघांनी फोन बंद करून सिम फेकली. एका ड्रायव्हरने दोन दिवस रजा टाकली. शुक्रवारी होडेकरांच्या फ्लॅटमध्ये उभं राहायला जागा नव्हती. होडेकर प्रत्येकाला समजावत होते की काही होत नाही, चिन्याची चूक आहे. ओवैस दारात टेकून उभा होता.

"चाचा, आपल्या वहीला दोन साक्षीदार लागतात. चिन्याला किती लागतात तेवढं विचारून या. आमी सगळे येतंव, बसच करतंव."

सगळे हसले. होडेकरही हसले असं त्यांच्या बायकोने, खैरुन्निसाचाचींनी, मला नंतर सांगितलं, पण जेवायला बसले नाहीत.

शनिवारी सुट्टी होती. रविवारी ते शैलेशच्या टेबलापाशी आले. मी दोन खुर्च्या पलीकडे होतो. शैलेशने त्यांना स्क्रीनवरचा लाल ठिपका दाखवला. चारशे सदतीस खात्यांचा तो एकच ठिपका अबू हलीफावर फोडासारखा बसला होता.

"अंकल, एका फ्लॅटमध्ये चारशे सदतीस माणसं? मी ल्यूसाहेबांना काय सांगू?"

"मानसं तिथं ऱ्हात नायत. त्यांचा पत्ता तिथं ऱ्हातो."

शैलेशने हे वाक्य इंग्रजीत करून बघितलं, जमलं नाही, आणि तो म्हणाला की हे सिस्टिमला कळत नाही. होडेकरांनी विचारलं की मग सिस्टिमला काय कळतं. त्यावर शैलेशने फोन कानाला लावला. फोन वाजला नव्हता.

सिस्टिमला काय कळत होतं ते गोदामातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मागच्या बाजूला प्लायवूडची भिंत घालून एक खोली केली होती. तिला लॅब म्हणत. आत लोखंडी मांडण्यांवर शेकडो फोन ओळीने उभे, प्रत्येकाला वायर, एसी अठरावर. फोन आपोआप अ‍ॅप उघडत, आपोआप वर सरकवत, एखादी चप्पल टोपलीत टाकत, काढत, बंद होत. एकेका फोनवर आळीपाळीने कितीतरी खाती. गोदामाचं छत तापून माणसं घामाने निथळत असताना ते फोन गारव्यात चपला बघत. त्यांचे पत्ते मात्र कुवेतभर नीट विखुरलेले होते, प्रत्येकी एक घर, एक गल्ली, एक ब्लॉक. माझ्या नियमाला त्यांच्यात काहीच खोट दिसत नव्हती. कुलूप लागलं ते फक्त खऱ्या माणसांना.

नोव्हेंबरात शांघायच्या एका मोठ्या गुंतवणूकदाराशी बोलणी सुरू झाली. कंपनीचं मोल तीनशे कोटींवरून पाचशेवर न्यायचं होतं. पण इतरांचे फुगवलेले आकडे बाहेर पडल्याने ही माणसं सावध होती. त्यांनी अट घातली: कुवेतमधली तीन हजार खाती आम्ही निवडून देतो, एका स्थानिक, जुन्या कर्मचाऱ्याने प्रत्येक खात्यामागे माणूस आहे की नाही ते तपासावं आणि पानापानावर सही करावी. मानवी पडताळणी असं त्या कामाचं नाव होतं. यंत्रांचा एवढा गर्व करणाऱ्यांना शेवटी माणसाचीच सही हवी असते.

शैलेशला होडेकर आठवायला एक मिनिट लागलं नाही. बत्तीस वर्षं एका गोदामात, आणि अकामा संपायला महिना. त्याने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. जमातीची खाती लगेच उघडून दिली. अबू हलीफावरचा तो ठिपका खटकल्याने शांघायवाल्यांनी तीही सगळी यादीत घेतली होतीच. अकरा दिवस आहेत, प्रत्येक ओळीपुढे हो अशी खूण करायची, खाली सही, मंदूबला मी सांगून ठेवतो, सह्या झाल्या की तो तुमचा पासपोर्ट घेऊन जाईल. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. होडेकरांनी विचारलं की तपासायचं कसं. शैलेश म्हणाला, अंकल, हो हो करत चला. मग तो दुबईला गेला, गुंतवणूकदारांना दाखवायची चित्रं बनवायला.

होडेकर स्क्रीनवर काम करायला तयार नव्हते. मी त्यांना तीन हजार ओळी छापून दिल्या, पानाला पंचवीस, एकशे वीस पानं. नाव, पत्ता, फोन नंबर, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्यांनी पहिल्या दिवशी जमातीची चारशे सदतीस नावं वहीशी ताडून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोदामाचा फोन ओढून घेतला आणि उरलेल्यांना एकेकाला फोन लावायला सुरुवात केली.

मी मुद्दाम ऑफिसातून खाली गोदामात जाऊन बघितलं. होडेकर चष्मा लावून नंबर फिरवत. थोडा वेळ जाई, आणि प्लायवूडच्या भिंतीपलीकडे घंटी वाजे. ते रिसीव्हर टेबलावर ठेवून उठत, लॅबचं दार उघडत, मांडणीवर लुकलुकणारा फोन शोधून कानाला लावत आणि विचारत, "हॅलो, कोन?" मग परत येऊन टेबलावरच्या रिसीव्हरमध्ये कान देत, तिकडे कुणी उत्तर देतंय का ते ऐकायला. पहिल्या दहा-बारा वेळा त्यांनी हे अगदी नियमाने केलं. नंतर ते उठेनासे झाले. घंटी ऐकायची, फोन ठेवायचा, ओळीपुढे लिहायचं. तिसऱ्या दिवशी लॅबच्या ऑपरेटरने तक्रार केली की घंट्यांमुळे डोकं दुखतं. होडेकरांनी त्याला विचारलं की आत इतकी माणसं राहतात, एकाला तरी उचलायला सांग.

काही फोन खऱ्या माणसांनी उचलले. एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, शिक्षकाने विचारलं की माझी चप्पल एका पायाची आली, दुसरी कधी येणार. होडेकरांनी त्याचंही नाव, बापाचं नाव आणि गाव विचारून घेतलं, आणि चपलेचं काम माझ्या गळ्यात घातलं.

पाचव्या दिवशी घरी बोलणं झालं. हे मला चाचींनी सांगितलं, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. होडेकरांनी जेवताना सांगून टाकलं की यादीतली बहुतेक माणसं माणसं नाहीत, आणि मी तसंच लिहितोय. खैरुन्निसाचाचींनी पोळी तव्यावरच ठेवली.

"अकामा तुमचा एकट्याचा हाय काय?" त्या म्हणाल्या.

सना आतून आली. ती घरात मराठी ऐकते आणि इंग्रजीत उत्तर देते.

"अब्बा, इट्स जस्ट अ चेकबॉक्स. नोबडी रीड्स दॅट स्टफ."

तेव्हा होडेकर वहीबद्दल बोलले. चारशे सदतीस माणसं माझ्या शब्दावर आपला पत्ता माझ्या दारी लावतात. हीच सही मी एकशे वीस पानांवर फोनच्या मांडणीखाली केली, तर वहीतली माझी सही कशाची उरली? सना म्हणाली की दोन्हींचा काय संबंध. त्यांनाही तो नीट सांगता आला नाही. चाचींच्या मते तो नव्हताच. त्या म्हणाल्या, आपल्या नवऱ्याला हट्ट आला की तो वहीच्या मागे लपतो. दुसऱ्या दिवशी होडेकरांनी शाळेत जाऊन दाखला काढण्याचा अर्ज दिला. सना त्यांच्याशी बोलेनाशी झाली. काही हवं असलं की आईला सांगायची, बाप समोर बसलेला असताना.

अकराव्या दिवशी काम संपलं. शैलेश विमानतळावरून थेट आला होता, बॅग हातातच. होडेकर गठ्ठा घेऊन त्याच्यापुढे उभे राहिले.

"शैलेशसाहेब, मी खरं लिवलंय. बघून घ्या."

शैलेश फोनमध्ये टाइप करत होता. त्याने वर न बघता विचारलं की सगळ्या पानांवर सही आहे ना. आहे, म्हणाले होडेकर. मग ऑसम, म्हणाला तो, आणि गठ्ठा माझ्या टेबलावर टाकला, स्कॅन करून शांघायला पाठव म्हणून.

मी एकेक पान यंत्रात घालत गेलो. शाळेत गिरवलेलं ठळक मराठी अक्षर. चारशे सदतीस ओळींपुढे आपला, आणि दोन साक्षीदारांची नावं. दोनशे एकसष्ट ओळींपुढे माणूस आहे, बोललो. एकशे नव्वदपुढे तीनदा लावला, माहीत नाही. उरलेल्या दोन हजार एकशे बारा ओळींपुढे, एकही न गाळता, वरीलप्रमाणे म्हणून नुसते ठिपके देऊन काम न उरकता, प्रत्येक वेळी पूर्ण दोन शब्द: माणूस नाही. माणूस नाही. माणूस नाही. आणि प्रत्येक पानाखाली, ब. हु. होडेकर. दोन खुर्च्या पलीकडे पुण्याचा एक मराठी माणूस बसला होता, त्याने मान वळवली असती तरी वाचता आलं असतं. मी त्याला हाक मारली नाही. पाठवून दिलं.

होडेकरांना वाटत होतं की दोन दिवसांत बोलावणं येईल आणि हाकलतील. त्यांनी टेबलाचा खण रिकामा केला. विमानाच्या तिकिटांची चौकशी केली, तीन, एकोणीस डिसेंबर. जमातीत सांगितलं की वही आता ओवैसने घ्यावी. ओवैसने पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

बोलावणं आलंच नाही. शांघायच्या माणसांनी कागद मोजले: एकशे वीस पानं, एकशे वीस सह्या. त्यांच्या अहवालात एक ओळ आली: तीन हजार खात्यांची मानवी पडताळणी, पूर्ण, शंभर टक्के. शेऱ्याच्या रकान्याचं भाषांतर करायला वेगळा खर्च पडला असता, आणि पाचशे कोटी डॉलरच्या व्यवहारात तेवढा खर्च कुणी केला नाही. चौदा डिसेंबरला सही झाली. ऑफिसात केक आला, वर निळ्या साखरेचा एकशिंगी घोडा. ल्यूसाहेबांनी भाषण केलं, शैलेशने टाळ्या सुरू केल्या, हांगचौमधली तीन पोरं कुठल्याशा मासिकाच्या मुखपृष्ठावर हसली. दोन हजार एकशे बारा ठिकाणी माणूस नाही असं लिहिलेला कागद ही त्या कंपनीच्या दोनशे कोटींच्या वाढीची पायरी झाली. या वाढीबद्दल मी आजवर पुष्कळ लेख वाचले आहेत. त्यात चिकाटी असते, दूरदृष्टी असते, चोवीस तास राबणारे इंजिनिअर असतात. होडेकरांच्या अक्षराबद्दल कुठे काही नसतं.

सोळाला मंदूब त्यांचा पासपोर्ट घेऊन गेला आणि दोन दिवसांत नवा अकामा लागला, एक वर्षाचा. हुद्दा बदलला होता: पडताळणी प्रमुख. होडेकर कार्ड घेऊन वर आले. त्यांना राग आला होता की सुटल्यासारखं वाटत होतं ते मला कळलं नाही. त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही. त्यांनी शैलेशला विचारलं की मी लिहिलेलं वाचलं का. शैलेशने हातातला कागद चुरगळून टोपलीत टाकला आणि म्हणाला की अंकल, एकशे वीस पानं कोण वाचत बसतं?

होडेकर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. गोदामात खराब निघालेला माल परत पाठवण्याआधी ते पेटी उघडून जसं बघतात, तसं.

"तुज्या बापाचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

शैलेशने सांगितलं. त्याला वाटलं असेल, फॉर्मसाठी हवं आहे. होडेकरांनी मान हलवली आणि जिना उतरून गेले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर अबू हलीफाला गेलो; शाळेतला दाखल्याचा अर्ज त्यांनी दुपारीच मागे घेतला होता. खैरुन्निसाचाचींनी तोवर फ्रिज खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना देऊन टाकला होता आणि नर्सबाई तो न्यायला दोन माणसं घेऊन दारात उभ्या होत्या. अकामा झाला हे कळल्यावर त्या म्हणाल्या की मग राहू दे. होडेकर म्हणाले, शब्द दिलाय, घेऊन जा. चाचींनी कपाळावर हात मारला, पण फ्रिजची वायर त्यांनीच काढून दिली.

सना कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघत होती. तीन आठवड्यांनी ती बापाशी थेट बोलली.

"आय टोल्ड यू, अब्बा. नोबडी रीड्स."

होडेकर बूट काढत होते.

"मंग फेब्रुवारीत तूपन तसाच पेपर लिव," ते म्हणाले. "हो हो करत. तपासनारा वाचतो का नाय, कुनाला ठावं."

सनाने कार्ड टेबलावर ठेवलं. आत जाऊन तिने दार लावून घेतलं, आणि थोड्या वेळाने मोठ्याने रसायनशास्त्र वाचल्याचा आवाज येऊ लागला, भिंत ऐकेल एवढ्या मोठ्याने. होडेकर बूट परत चढवून जिना उतरून गेले, दूध नासायच्या आत बर्फ आणायला.